आधी काच, मग नक्षी: अठराव्या शतकातले इंग्लिश पेले कसे वाचावेत

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडवलेला मद्याचा पेला संग्रहालयात पाहताना बहुतेकांची नजर आधी त्याच्या कोरीव कामाकडे जाते. गुलाब, द्राक्षवेल, जहाज किंवा एखादा लॅटिन शब्द दिसला की पेल्याची ओळख पटली असे वाटते. जाणकार मात्र उलट क्रमाने पाहतात. काचेचा रंग, तिचे वजन, दांड्याची घडण आणि बैठकीची कड तपासून झाल्यावरच ते नक्षीकडे वळतात. नक्षी पेल्यावर कधीही कोरता येते, अगदी दीडशे वर्षांनंतरही. काच आणि घडण मात्र भट्टीजवळ एकदाच ठरते. शिवाय नक्षी कोणत्या प्रकारची असावी, खोल असावी की उथळ, हेही काचेच्या रसायनाने आणि त्या काळच्या करांनी बऱ्याच अंशी ठरवलेले असते, म्हणून सुरुवात काचेपासूनच करावी लागते.

सतराव्या शतकात युरोपात उंची काच म्हणजे व्हेनिसची काच. तीत सोड्याचा क्षार असे, ती वजनाला हलकी आणि पातळ असे, आणि भट्टीबाहेर येताच झपाट्याने घट्ट होई. लंडनचे व्यापारी ती आयात करीत. जॉन ग्रीन या काचविक्रेत्याने १६६७ ते १६७२ या काळात व्हेनिसच्या अलेस्सिओ मोरेल्ली याला लिहिलेली पत्रे आणि सोबत पाठवलेली पेल्यांची रेखाटने आजही उपलब्ध आहेत. व्हेनिसच्या नाजूक, पंखदार दांड्यांपेक्षा लंडनच्या गिऱ्हाइकाला साधे आकार पसंत होते, हे त्या रेखाटनांवरून दिसते. अशा वेळी जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या व्यापाऱ्याने लंडनच्या सव्हॉय भागात भट्टी उभारली आणि १६७४ मध्ये स्फटिकासारख्या काचेचे सात वर्षांचे एकाधिकारपत्र मिळवले. पुढे हेन्ली येथेही त्याचे काम चालले. तिथे इटलीतल्या मॉन्फेरातहून आलेला दा कोस्टा नावाचा कारागीर होता, तेव्हा या शोधाचे सगळे श्रेय एकट्या रेव्हन्सक्रॉफ्टला देणे मला योग्य वाटत नाही.

सुरुवातीची ही काच टिकली नाही. मिश्रणात क्षार जास्त आणि त्याला स्थिर ठेवणारे घटक कमी, त्यामुळे हवेतल्या ओलाव्याने काच घामेजत असे आणि कालांतराने तिच्यात अतिशय बारीक तड्यांचे जाळे पसरून ती धुरकट होई. हा दोष काढण्यासाठी मिश्रणात शिशाचा ऑक्साइड वाढवत नेला गेला. आपल्याकडे मुरदाडशिंग किंवा शेंदूर म्हणून ठाऊक असलेले पदार्थ ते हेच. १६७६ पर्यंत दोष दूर झाल्याचे जाहीर झाले आणि सुधारलेल्या वस्तूंवर डोमकावळ्याच्या मस्तकाची छोटी मोहर लागू लागली. १६८१ मध्ये एकाधिकार संपला तशी ही काच इतर भट्ट्यांतूनही बनू लागली. मिश्रणात पूर्वी भाजून कुटलेली गारगोटी वापरत, म्हणून तिला फ्लिंट ग्लास म्हणत. पुढे गारगोटीची जागा शुद्ध वाळूने घेतली तरी नाव तेच राहिले.

शिशामुळे नेमके काय बदलले? पहिली गोष्ट वजनाची. साध्या सोडा-काचेची घनता सुमारे २.५ असते, तर तीस टक्क्यांच्या आसपास शिसे असलेल्या काचेची ३ च्या घरात जाते, म्हणून असा पेला हातात घेताच अपेक्षेपेक्षा जड लागतो. दुसरी गोष्ट प्रकाशाची. ही काच प्रकाश अधिक वाकवते आणि त्याचे रंग अधिक विखुरते, त्यामुळे तिच्यावर पैलू पाडले तर ते झळकतात. तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही काच मऊ असते. ती चाकाखाली तडकून न जाता झिजत जाते, आणि भट्टीबाहेर सावकाश घट्ट होत असल्यामुळे जाड भिंतीची घडवता येते. पैलू पाडायला जाड भिंत आणि मऊ काच दोन्ही लागतात. व्हेनिसच्या पातळ काचेवर हिऱ्याच्या टोकाने फक्त ओरखडे काढता येत. एलिझाबेथ राणीच्या काळात अँटवर्पहून लंडनला आलेल्या, मूळ व्हेनिसच्या जाकोपो व्हेर्झेलिनीशी जोडले जाणारे, १५७७ पासूनच्या तारखा कोरलेले मोजके पेले त्याच पद्धतीने सजवलेले आहेत.

शिशाच्या काचेची पहिली पिढी मात्र जवळजवळ नक्षीविना होती. १६८५ ते १७२५ च्या सुमारास बनलेले पेले जाड दांड्याचे, गाठीगाठींचे आणि भारदस्त असतात. त्यांचे सौंदर्य घडणीत आणि काचेच्या वजनात आहे, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण शतकातले सर्वांत देखणे पेले मला हेच वाटतात. पुढे आकार हळूहळू सडपातळ होत गेले. मग १७४५ मध्ये ब्रिटिश संसदेने काचेवर अबकारी कर बसवला. तो तयार पेल्यांवर नव्हता, तर भट्टीत घातल्या जाणाऱ्या मालाच्या वजनावर होता: ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटला ९ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला एक पेनी. त्यामुळे जड पेला महाग पडू लागला. पेले पातळ आणि हलके होण्याचे सगळे खापर या करावर फोडण्याची पद्धत आहे. पण हलक्या आकारांची आवड त्याआधीच सुरू झाली होती, कराने तिला वेग दिला, इतकेच म्हणणे रास्त होईल.

वजनाने भाव मिळत नसेल तर कारागिरीने मिळवायचा, हा विचार यानंतरच्या पेल्यांत स्पष्ट दिसतो. दांड्याच्या पोटात हवेच्या बारीक धाग्यांची वेणी घालण्याची पद्धत याच सुमारास बहरली. तापलेल्या काचेच्या गोळ्यावर टोचून खळगे पाडायचे, त्यावर काचेचा दुसरा थर चढवून खळग्यांत हवा कोंडायची, आणि मग गोळा ओढत ओढत पिळायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे लांबून चंदेरी धागे होतात. त्यानंतर पांढऱ्या, अपारदर्शक काचेच्या कांड्या घालून पिळलेले दांडे आले. १७७७ मध्ये कर दुप्पट झाला आणि पांढऱ्या काचेवरही लागू झाला, तेव्हा हा प्रकार जवळजवळ बंद पडला. तेव्हा पांढऱ्या पिळाचा पेला दिसला की तो साधारण १७५० ते १७८० च्या दरम्यानचा असावा असा अंदाज बांधता येतो, अर्थात तो नंतरची नक्कल नसेल तर.

आता सजावटीकडे वळू. पैलू पाडणे आणि कोरणे या दोन्हींत फिरते चाक वापरले जाते, म्हणून त्यांची गल्लत होते. पण ही दोन वेगळ्या कारागिरांची कामे आहेत. पैलू पाडणारा पेला चाकाच्या वर धरतो आणि खाली दाबतो. चाक काच कुठे कापते आहे हे त्याला काचेतूनच आरपार पाहावे लागते. पहिले चाक लोखंडाचे, त्यावर वरून ओली वाळू सतत टपकत असते आणि काच खरे तर ती वाळूच कापते. त्याने पडलेला खाच खरखरीत आणि पांढुरका असतो. मग पाण्याने भिजवलेल्या वालुकाश्माच्या चाकावर तो गुळगुळीत करायचा, आणि शेवटी लाकडी चाकावर प्युमिस दगडाची पूड आणि कथिलाच्या ऑक्साइडची भुकटी लावून पैलू पुन्हा पारदर्शक होईपर्यंत घासायचा. प्रत्येक पैलू या तिन्ही टप्प्यांतून जातो. अशा हाताने चमकवलेल्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि भिंगाखाली पैलूत चाकाच्या अतिसूक्ष्म समांतर रेघा दिसतात. पुढच्या काळात हे शेवटचे काम आम्लात बुडवून होऊ लागले. आम्लाने चमकवलेल्या पैलूंच्या कडा किंचित वितळल्यासारख्या मऊ असतात.

लंडनमध्ये जॉन अॅकरमन या विक्रेत्याने १७१९ मध्येच हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या काचेची जाहिरात दिली होती, परंतु पेल्यांवर पैलूंची खरी रेलचेल १७६० नंतर झाली. त्या काळातल्या पेल्याची वाटी पातळ असल्याने तिच्यावर खोल कापता येत नसे, म्हणून पैलू पडले ते भरीव दांड्यावर: षट्कोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे, मधमाशीच्या पोळ्यासारखे एकाला एक लागून असलेले उथळ पैलू. चांगल्या कामात ते वाटीच्या बुडावर थोडे चढलेले दिसतात.

कोरणाऱ्याचे काम याच्या उलट. त्याची चाके तांब्याची, काही टाचणीच्या डोक्याएवढी, काही दोन-चार इंच व्यासाची. पायाने फिरवायच्या छोट्या लेथवर ती बसवलेली असतात आणि तेलात कालवलेली एमरीची, म्हणजे कुरुंदाच्या जातीची पूड त्यांच्या कडेला लावलेली असते. कोरणारा पेला चाकाच्या खालून वर दाबतो. नेमकी कोरली जाणारी जागा चाकाआड आणि तेलाआड लपते, तेव्हा नजरेपेक्षा हाताच्या अंदाजावर अधिक भिस्त ठेवावी लागते. गुलाबाची एक पाकळी कोरताना तो रुंद चाकाने खोलगट भाग काढतो, मग अगदी अरुंद चाकाने शिरा ओढतो. पाकळीचा खोलगट भाग बाहेरून पाहणाऱ्याला उलटा, म्हणजे उठावदार दिसतो. कोरलेला भाग सहसा चमकवत नाहीत, कारण त्याच्या खरखरीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो आणि त्यामुळेच तो करड्या रंगात उठून दिसतो. काही ठिकाणी मात्र एखादे फळ किंवा फुलाचे केंद्र मुद्दाम चमकवून बाजूच्या करड्या भागाशी विरोध साधलेला आढळतो. ही कला युरोपात नव्याने रुजली ती प्रागमध्ये, जिथे सम्राट रुडॉल्फ दुसरा याने १६०९ मध्ये कास्पर लेहमानला काचकोरणीचा खास अधिकार दिला.

तिसरा प्रकार हिऱ्याच्या टोकाचा. त्याने रेघा काढता येतात, किंवा नुसते ठिपके टोचून छायाप्रकाशाचे चित्र उभे करता येते. ठिपक्यांची ही पद्धत हॉलंडमध्ये फ्रान्स ग्रीनवुड याने १७२० च्या दशकात रूढ केली आणि शतकाच्या उत्तरार्धात हेग येथील डेव्हिड वोल्फ याने ती अत्यंत नाजूक पातळीवर नेली. ही चित्रे शिशाच्या काचेवरच काढली जात, कारण टोचल्यावर ती तडकत नाही. उंच, सडपातळ, गाठीदार दांड्याचे जे पेले दीर्घकाळ इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे म्हणून ओळखले गेले, त्यांतले अनेक हॉलंडमध्ये कोरलेले आहेत, आणि त्यांतले बरेच घडवलेही तिथेच असावेत असे आता अनेक अभ्यासक मानतात.

पेल्यावर काय कोरायचे हे बऱ्याचदा त्यात काय प्यायचे यावर ठरे. द्राक्षवेल असेल तर वाइन, हॉप वेलीची फुले आणि बार्लीची कणसे असतील तर एल नावाची बिअर, सफरचंद असेल तर सफरचंदाचे मद्य. एलचा पेला आजच्या बिअरच्या ग्लासाच्या मानाने फारच लहान दिसतो, कारण त्यातली एल कडक असे. वाइनचे पेलेही लहानच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार १७०० च्या सुमारास वाइनच्या पेल्यात सरासरी ६६ मिलिलिटर मावत असे, तर २०१७ मध्ये ४४९. सुरुवातीच्या काळात पेले जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवत नसत. नोकर ते भरून आणी, पाहुणा एका दमात रिकामा करी आणि पेला परत जाई, त्यामुळे मोठ्या पेल्याची गरजही नसे.

सर्वांत जास्त कुतूहल असते ते जॅकोबाइट पेल्यांबद्दल. १६८८ मध्ये जेम्स दुसरा या राजाला गादी सोडून पळावे लागले. त्याच्या वंशाला पुन्हा गादी मिळावी असे मानणारे ते जॅकोबाइट. त्याचा नातू चार्ल्स एडवर्ड १७४५ मध्ये स्कॉटलंडात उतरला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत पराभूत झाला. या मंडळींचे खासगी क्लब होते. तिथे समुद्रापलीकडच्या राजाच्या नावाने पेले उंचावले जात, आणि हे उघड बोलणे राजद्रोह ठरू शकत असल्याने निष्ठा खुणांमधून व्यक्त होई. असा एक ठरावीक पेला डोळ्यांपुढे आणा: दांड्यात हवेच्या धाग्यांची वेणी, वर निमुळती वाटी. वाटीच्या एका अंगाला सहा पाकळ्यांचा पूर्ण उमललेला गुलाब, त्याच देठावर एक मिटलेली आणि एक अर्धी उघडलेली कळी. दुसऱ्या अंगाला ओकचे पान, तारा, किंवा ‘फियाट’ म्हणजे ‘तसे होवो’ असा एकच शब्द. कधी ‘रेडेआट’, म्हणजे ‘तो परत येवो’. ओकचे पान स्ट्युअर्ट घराण्याचे, कारण १६५१ मध्ये चार्ल्स दुसरा ओकच्या झाडात लपून शत्रूच्या हातून निसटला होता. गुलाब म्हणजे ब्रिटनचा मुकुट आणि कळ्या म्हणजे त्याचे वारस, हा अर्थ सर्वाधिक सांगितला जातो; कोणती कळी कोणाची यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. यांहून कितीतरी दुर्मीळ आहेत ते ‘आमेन’ पेले. त्यांच्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि जॅकोबाइट राजगीताची कडवी हिऱ्याच्या टोकाने लिहिलेली असून शेवटी आमेन हा शब्द येतो. असे काही डझन पेलेच आज माहीत आहेत.

इतर निष्ठाही काचेवर आल्या. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात ब्रिस्टलमध्ये शत्रूची जहाजे लुटण्याचा परवाना असलेल्या जहाजांना यश चिंतणारे पेले कोरले गेले. सन्डरलंड येथे वेअर नदीवर १७९६ मध्ये लोखंडी पूल झाला आणि तो पूल कोरलेले मोठे, आखूड दांड्याचे पेले पुढे कित्येक वर्षे विकले गेले. ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत मारल्या गेलेल्या ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची अंत्ययात्रा १८०६ च्या जानेवारीत निघाली, तेव्हा त्याच्या जहाजाच्या आकाराचा शवरथ पेल्यांवर उमटला.

पैलूंची कथा या सुमारास आयर्लंडकडे सरकते. आयर्लंडला काचेच्या निर्यातीची मनाई होती, ती १७८० मध्ये उठली, आणि अबकारी कर तिथे लागू नव्हता. जॉर्ज आणि विल्यम पेनरोज यांनी १७८३ मध्ये वॉटरफर्डला कारखाना काढला आणि त्यासाठी स्टूरब्रिजहून जॉन हिल आपल्या कारागिरांसह गेला. काच स्वस्त म्हणून भिंती जाड, आणि भिंती जाड म्हणून पैलू खोल, असे हे सरळ गणित होते. करामुळे पातळ झालेली इंग्लिश वाटी जे सोसू शकत नव्हती ते इथे सहज शक्य झाले. शतकाच्या अखेरीस चाके वाफेवर फिरू लागली आणि खोल, दाट, टोकदार नक्षी इंग्लंडमध्येही पसरली; त्या काळातली इंग्लिश आणि आयरिश पैलूदार काच नुसती पाहून वेगळी ओळखणे बहुतेक वेळा शक्य नसते. जुनी वॉटरफर्ड काच निळसर असते हा समज तर सोडूनच द्यावा. १८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागू झाला, आणि अखेर १८४५ मध्ये तो दोन्हीकडून रद्द झाला. त्यानंतर पैलूदार काचेचे आकार अवाढव्य होत गेले. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात सत्तावीस फूट उंच काचेचे कारंजे उभे केले. याच कंपनीचे कोलकात्यात दालन होते आणि भारतातल्या राजवाड्यांत तिची झुंबरे लागली.

आता एखादा पेला समोर आला तर काय पाहावे? पांढऱ्या कागदावर तो ठेवून काचेची छटा पाहावी. जुनी शिशाची काच किंचित करडी किंवा काळसर असते, तर नव्या काचेत खटकण्याइतकी स्वच्छता असते. बैठक वाटीच्या तोंडाएवढी किंवा तिच्याहून रुंद असावी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, कापडाची कड दुमडून शिवावी तशी बैठकीची कड आत दुमडलेली आढळते. घडवताना पेला ज्या लोखंडी गजावर धरलेला असे तो तोडल्याची खरबरीत खूण बैठकीच्या खाली मध्यभागी असते. शतकाच्या अखेरीस ती घासून काढण्याची पद्धत वाढली. बैठकीच्या कडेवर दोनशे वर्षांच्या वापराने पडलेले ओरखडे वेगवेगळ्या दिशांना आणि कमीजास्त खोल असतात. कुणी वाळूच्या कागदावर घासून म्हातारपण आणले असेल तर ते एकाच दिशेचे दिसतात. पैलूंच्या कडा गोलसर आणि मधून साच्याची रेघ गेलेली असेल, तर तो पेला कापलेला नसून एकोणिसाव्या शतकात किंवा त्यानंतर साच्यात दाबून काढलेला आहे. अतिनील दिव्याखाली शिशाची काच निळसर आणि सोडा-काच हिरवट चमकते, पण त्याने फक्त शिसे कळते, वय नव्हे, कारण आजही शिशाची काच बनते.

एवढे जमल्यावर नक्षीकडे यावे. खरा धोका पूर्ण खोट्या पेल्याचा नसतो, कारण तो वरच्या परीक्षांत बहुधा पकडला जातो. धोका असतो तो अस्सल, पण मुळात साध्या असलेल्या जुन्या पेल्यावर नंतर कोरलेल्या गुलाबाचा. जॅकोबाइट पेल्याला साध्या पेल्याच्या कितीतरी पट किंमत येते, म्हणून हा उद्योग विसाव्या शतकात बराच चालला. अशा वेळी भिंग घ्यावे. जुन्या कोरणीत तेल आणि धूळ मुरून ती करडी झालेली असते, नव्या कोरणीचा तळ पिठासारखा पांढरा दिसतो. वाटीवरचे वापराचे ओरखडे कोरलेल्या रेघांवरूनही गेलेले आहेत, की कोरणीच्या कडेशी येऊन तुटले आहेत, हे पाहावे. तुटले असतील तर ओरखडे आधीचे आणि गुलाब नंतरचा. लिलावाच्या सूचीत अशा पेल्यापुढे नक्षी नंतरची असल्याचा उल्लेख येतो, आणि त्याची किंमत कोरीव पेल्याची न राहता साध्या पेल्याइतकी किंवा त्याहूनही खाली उतरते.